पाचगणीचा फारुख, वेम्बलीचा फ्रेडी

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीत शिरले की सिल्व्हर ओकच्या रांगा, टेबल लँडचे पठार आणि ब्रिटिश अमदानीतल्या निवासी शाळांच्या दगडी इमारती दिसू लागतात. या शाळांनी देशाला अधिकारी दिले, उद्योजक दिले, सेनानी दिले. त्यांपैकी सेंट पीटर्स शाळेने जगाला एक रॉक गायकही दिला. हे बाहेरच्या जगाला बरीच वर्षे ठाऊक नव्हते, कारण खुद्द त्या गायकानेच या काळाचा उल्लेख क्वचित केला. शाळेच्या दप्तरात तो फारुख बलसारा होता, जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. अवघ्या पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात झांझिबार, पाचगणी आणि लंडन अशा तीन बंदरांना त्याचे गलबत लागले. पाचगणीला समुद्र नाही हे खरे; परंतु घरापासून समुद्र ओलांडून आलेल्या आठ वर्षांच्या मुलासाठी ते बंदरच होते.

बलसारा हे आडनाव गुजरातमधील बलसाडवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. वडील बोमी बलसारा हे पारशी गृहस्थ ब्रिटिशांच्या नोकरीनिमित्त पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर स्थायिक झाले. तेथील उच्च न्यायालयात ते रोखपाल होते. आई जेरबाई. ५ सप्टेंबर १९४६ रोजी या दांपत्याला पहिला मुलगा झाला, त्याचे नाव फारुख ठेवले. धाकटी बहीण कश्मिरा सहा वर्षांनी जन्मली. अरब सुलतानाची गादी, ब्रिटिशांचे संरक्षण, आफ्रिकी बहुसंख्य जनता आणि व्यापार-नोकरीत स्थिरावलेले हिंदी लोक अशी त्या बेटाची चमत्कारिक घडी होती. बलसारा कुटुंब सुखवस्तू होते. मुलाला चांगले इंग्रजी शिक्षण मिळावे या हेतूने त्यांनी १९५५ च्या सुमारास त्याला बोटीने मुंबईला आणि तेथून पाचगणीला धाडले.

लहान सुट्ट्यांत तो मुंबईला मावशीकडे जाई, झांझिबारचे घर मात्र फार दूर होते. या एकटेपणाने त्याला बुजरे केले आणि स्वावलंबीही केले. पुढे रंगमंचावर हजारोंना खेळवणारा आणि रंगमंचावरून उतरताच अनोळखी माणसांसमोर अवघडून जाणारा जो फ्रेडी त्याच्या निकटवर्तीयांनी वर्णिला आहे, त्याची मुळे या वसतिगृहात शोधावी लागतात. शाळेतच फारुखचा फ्रेडी झाला. मागच्या बाजूस चार जादा दात असल्याने त्याचे पुढचे दात बाहेर आले होते आणि त्यावरून मुले त्याला चिडवीत. हे दात त्याने पुढे पैसा आला तरी काढून घेतले नाहीत. आपल्या आवाजाचा पल्ला तोंडाच्या या घडणीत आहे, अशी त्याची समजूत होती. छायाचित्र काढताना मात्र तो ओठांनी दात झाकून घेई.

खेळात तो टेबल टेनिस उत्तम खेळे, चित्रे काढी, नाटकांत काम करी. १९५८ मध्ये शाळेचा कनिष्ठ गटातील अष्टपैलू विद्यार्थ्याचा चषक त्याला मिळाला. परंतु त्याचे खरे लक्ष पियानोवर होते. मुख्याध्यापकांनी मुलाचा कान ओळखला आणि थोडे जादा शुल्क भरून त्याला स्वतंत्र संगीतशिक्षण द्यावे, असे पालकांना पत्राने कळवले. बोमी बलसारांनी ते मान्य केले. चौथ्या श्रेणीपर्यंतच्या पियानोच्या परीक्षा फारुख उत्तीर्ण झाला. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो लगोलग पियानोवर वाजवून दाखवी, ही आठवण त्याच्या अनेक सहाध्यायांनी सांगितली आहे. १९५८ च्या आसपास पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. शाळेच्या समारंभांत तो एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवी. गंमत अशी की या बँडचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फारुख पियानोवर बसे.

पुढे अभ्यासावरचे लक्ष उडाले, गुण घसरले आणि १९६३ च्या सुमारास तो झांझिबारला परतला. परतला तो नेमका वाईट वेळी. डिसेंबर १९६३ मध्ये ब्रिटिशांनी बेट सोडले आणि महिन्याभरात, १२ जानेवारी १९६४ रोजी, सुलतानाविरुद्ध उठाव झाला. त्यानंतरच्या कत्तलीत हजारो अरब आणि हिंदी मारले गेले. बलसारा कुटुंबाने हाती लागेल ते सामान घेऊन इंग्लंड गाठले. झांझिबारमध्ये नोकरचाकर बाळगणारे हे घर लंडनच्या पश्चिमेस फेल्टमच्या एका साध्या घरात राहू लागले. जवळच हीथ्रो विमानतळ होता. वडिलांनी हिशेबनिसाची नोकरी धरली, आईही कामाला लागली. सतरा वर्षांच्या फारुखने सुट्टीत विमानतळावर सामान वाहण्यापासून मिळेल ते काम केले.

त्या वर्षांतील इंग्लंड आशियाई स्थलांतरितांसाठी अनुकूल नव्हते. केनियातील हिंदी लोक येऊ लागताच १९६८ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून त्यांची वाट अडवली. त्याच वर्षी इनॉक पॉवेल या खासदाराच्या विषारी भाषणाने देशभर खळबळ माजवली. दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांना रस्त्यात शिवीगाळ आणि मारहाण होणे नवलाचे राहिले नव्हते. फारुखचे फ्रेडी मर्क्युरी होणे समजून घ्यायचे तर ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही. त्याने मूळ लपवले, असा आक्षेप त्याच्यावर पुष्कळदा घेतला जातो. रॉक संगीत हा त्या वेळी गोऱ्या मुलांचा प्रांत होता. कृष्णवर्णीय अमेरिकनांनी ते जन्माला घातले होते, ही गोष्ट वेगळी. त्यात बलसारा आडनावाच्या पारशी मुलाला कोणत्या कंपनीने दार उघडले असते, हा प्रश्न आक्षेप घेणाऱ्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही.

आयलवर्थच्या पॉलिटेक्निकमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेऊन १९६६ मध्ये त्याने ईलिंगच्या कला महाविद्यालयात प्रवेश मिळवला आणि १९६९ मध्ये ग्राफिक कलेची पदविका घेतली. जिमी हेंड्रिक्स हे त्याचे दैवत. हेंड्रिक्सची चित्रे काढून त्याने खोलीच्या भिंती भरल्या होत्या. वर्गमित्र टिम स्टॅफेल ‘स्माईल’ नावाच्या बँडमध्ये गात असे. गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर रॉजर टेलर. मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी होता, टेलर दंतवैद्यकाचा अभ्यास सोडून आलेला. फ्रेडी या बँडभोवती घिरट्या घालू लागला. त्याने आयबेक्स, रेकेज, सोअर मिल्क सी अशा बँडांतून गाऊन पाहिले, पण कोठेच जम बसला नाही. दरम्यान टेलरबरोबर केन्सिंग्टन मार्केटमध्ये त्याने जुन्या कपड्यांचा गाळा चालवला. याच धडपडीच्या दिवसांतली एक घटना पुढे त्याची खूण ठरली. एका कार्यक्रमात मायक्रोफोनच्या दांड्याचा खालचा भाग निखळून पडला. अर्धा दांडा हातात घेऊन तो गात राहिला आणि पुढे आयुष्यभर त्याने तो तसाच वापरला.

१९७० मध्ये स्टॅफेल बाहेर पडला आणि फ्रेडीची जागा झाली. आल्या आल्या त्याने बँडचे नाव बदलले. ‘क्वीन’ या नावाला इंग्रजीत राजवैभवाचा अर्थ आहे आणि समलिंगी पुरुषांना उद्देशून वापरला जाणारा चेष्टेचा अर्थही आहे. सहकारी बिचकले, पण त्याने नाव रेटून नेले. त्याच सुमारास आडनावही बदलले. मर्क्युरी हा रोमन देवांचा दूत. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. ती फ्रेडीच्या मृत्यूपर्यंत वीस वर्षे अभंग राहिली. बँडचे बोधचिन्ह फ्रेडीनेच रेखाटले. चौघांच्या राशींचे दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या आणि सर्वांवर पंख पसरलेला फिनिक्स. कला महाविद्यालयातील तीन वर्षे वाया गेली नव्हती.

१९७३ चा पहिला अल्बम कठोर, वजनदार गिटारचा होता आणि समीक्षकांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. १९७४ मध्ये ‘सेव्हन सीज ऑफ राय’ पहिल्या दहांत आले, त्याच वर्षी ‘किलर क्वीन’ ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. ही दोन्ही गाणी फ्रेडीची. त्याला शीट म्युझिक नीट वाचता येत नसे, गिटारचे जुजबी ज्ञान होते. पण गाण्याची इमारत उभी करण्याची त्याची पद्धत हार्ड रॉकमध्ये कोणाकडेच नव्हती. आवाजांचे थर, मध्येच बदलणारी लय, ऑपेरा आणि संगीत रंगभूमीचे संस्कार हे सारे त्याने गिटारच्या गर्जनेशेजारी आणून बसवले.

याचा कळस म्हणजे १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे, ध्रुपद नसलेले, अर्ध्यावर ऑपेरात शिरणारे आणि शेवटाकडे हार्ड रॉकचा स्फोट घडवणारे हे गाणे. ऑपेराच्या भागासाठी फ्रेडी, मे आणि टेलर असे तिघेच दिवसातले दहा-बारा तास गात होते. त्या काळी ध्वनिफितीवर चोवीस मार्गिका मिळत. आवाजावर आवाज चढवून ते सुमारे १८० थरांपर्यंत गेले आणि तीच ती फीत पुनःपुन्हा यंत्रावरून फिरल्याने इतकी झिजली की आरपार दिसू लागली. संगणक नव्हते. चुकले की पुन्हा गाणे, एवढाच उपाय होता. कंपनीचे अधिकारी हबकले. एवढे लांब गाणे कोणते रेडिओ केंद्र वाजवणार, हा त्यांचा प्रश्न व्यवहाराला धरून होता. बँडने काटछाटीस नकार दिला आणि लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट याने एका शनिवार-रविवारी ते तब्बल चौदा वेळा वाजवले. पुढे ते सलग नऊ आठवडे ब्रिटनमध्ये अव्वल राहिले. गाण्याचा अर्थ फ्रेडीने कधीच सांगितला नाही. त्यात येणारा ‘बिस्मिल्ला’ हा शब्द झांझिबारच्या गल्ल्यांतून आला असावा, असा तर्क अनेकजण करतात. तो तर्कच आहे.

त्यानंतरची दहा वर्षे यशाची होती. सप्टेंबर १९७६ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमधील विनामूल्य कार्यक्रमास दीड लाख लोक आल्याचा अंदाज आहे. १९७७ मध्ये आलेले ‘वी आर द चॅम्पियन्स’ आजही क्रीडांगणांवर ऐकू येते. १९८१ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत एका रात्री एक लाखाहून अधिक प्रेक्षक होते. त्याच वर्षी निघालेला निवडक गाण्यांचा संग्रह पुढे ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. त्यातील सतरा गाण्यांपैकी दहा गाणी फ्रेडीची आहेत.

या आवाजाविषयी एक शास्त्रीय निष्कर्षही नोंदवण्यासारखा आहे. २०१६ मध्ये युरोपातील संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण केले. बोलताना त्याचा आवाज मूळचा बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खर्जाचा होता, पण गाताना तो टेनरच्या उंच पट्टीत सहज वावरे. त्याच्या स्वरकंपनाचा वेगही नेहमीच्या अभिजात गायकांहून अधिक आढळला. त्याने गायनाचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. स्वरतंतूंवर गाठी आल्या तरी आवाज बिघडेल या भीतीने त्याने शस्त्रक्रिया टाळली, आणि दौऱ्यांमध्ये त्याचा घसा वारंवार दगा देई.

सारेच भूषणावह नव्हते. १९८४ मध्ये क्वीनने दक्षिण आफ्रिकेतील सन सिटीत कार्यक्रम केले. वर्णभेदी राजवटीविरुद्ध संयुक्त राष्ट्रसंघाने सांस्कृतिक बहिष्कार पुकारला होता आणि ब्रिटनमधील वादक संघटनेचाही त्यास पाठिंबा होता. आपण राजकारणी नाही, श्रोत्यांसाठी वाजवतो, ही बँडची भूमिका कोणाला पटली नाही. संघटनेने दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेले. ज्या माणसाने वंशाच्या नावाखाली झालेली होरपळ आफ्रिकेतच पाहिली, ज्याला इंग्लंडमध्ये त्वचेच्या रंगाची किंमत मोजावी लागली, त्याने तेथे जाऊन गावे, हा त्याच्या चरित्रातील सर्वांत न उलगडणारा प्रसंग आहे. अज्ञानाची सबब त्याला लागू पडत नाही.

या वादानंतर बँड जवळपास मोडीत निघाला होता. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी वेम्बली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’ झाले, तेव्हा क्वीनकडून कोणाच्या फार अपेक्षा नव्हत्या. प्रत्येकाला सुमारे वीस मिनिटे मिळायची. इतर कलावंत आपले नवे गाणे पुढे करण्याच्या विचारात असताना क्वीनने गाजलेल्या गाण्यांचे तुकडे जोडून घड्याळ लावून तालीम केली होती. पांढरी बनियन, जीन्स, दंडाला पट्टा आणि हातात तो अर्धा दांडा. भर उन्हात, विजेच्या झगमगाटाशिवाय, फ्रेडीने ७२ हजार लोकांना एका तालावर टाळ्या वाजवायला लावल्या. मध्येच त्याने नुसती आलापी घेतली आणि स्टेडियमने ती जशीच्या तशी परत केली. शंभर कोटींहून अधिक लोकांपर्यंत हे प्रक्षेपण पोहोचल्याचा अंदाज आहे. त्या दिवशी मंचावर आलेल्या दिग्गजांमध्ये बाजी कोणी मारली, याविषयी जाणकारांत आजही फारसा मतभेद नाही. पुढच्याच वर्षी ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे लाखाच्या जनसमुदायापुढे क्वीनचा कार्यक्रम झाला. तो फ्रेडीचा बँडबरोबरचा शेवटचा कार्यक्रम ठरला.

२०१८ मध्ये आलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटाने ही कथा नव्या पिढीपर्यंत नेली आणि फ्रेडी साकारणाऱ्या रामी मालेकला ऑस्कर मिळवून दिले. परंतु त्यात वेम्बलीच्या आधीच फ्रेडी सहकाऱ्यांना आपल्या आजाराविषयी सांगतो. ते खरे नाही. एड्सचे निदान झाले ते १९८७ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. पाचगणीलाही चित्रपटात जागा मिळालेली नाही.

त्याच्या खासगी आयुष्यात दोन माणसांना मोठे स्थान होते. सत्तरच्या दशकात मेरी ऑस्टिनबरोबर तो सहा-सात वर्षे राहिला. आपण पुरुषांकडे आकृष्ट होतो हे त्याने तिला सांगितल्यावर ते नाते संपले, मैत्री मात्र मृत्यूपर्यंत टिकली. अखेरच्या वर्षांतील त्याचा जोडीदार जिम हटन हा केशकर्तनाचा व्यवसाय करणारा आयरिश गृहस्थ होता. बाहेर बोलबाला असलेल्या उधळपट्टीच्या पार्ट्या खऱ्या होत्या, पण केन्सिंग्टनच्या गार्डन लॉजमधील मांजरी, जपानी छापचित्रे आणि बागेतले मासेही तितकेच खरे होते. फेल्टमला आईवडिलांकडे तो नियमाने जाई. जेरबाई त्याच्यासाठी चीजची बिस्किटे करून ठेवीत. आपल्या लैंगिकतेविषयी त्याने पालकांना उघडपणे काही सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही.

१९८७ मध्ये एड्सवर परिणामकारक उपचार नव्हते. एझेडटी हे पहिले औषध नुकतेच आले होते. आजार आटोक्यात ठेवणारी औषधांची एकत्रित योजना १९९६ मध्ये आली. निदान म्हणजे मुदत, असाच अर्थ होता. त्यानंतर त्याने स्पेनची ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्याबरोबर ‘बार्सिलोना’ हा अल्बम पूर्ण केला आणि क्वीनबरोबर ‘द मिरॅकल’ व ‘इन्युएंडो’ हे दोन अल्बम केले. स्वित्झर्लंडमधील माँत्रोच्या स्टुडिओत तो बसून, टेकून, मिळेल त्या ताकदीने गात होता. आपल्या पश्चात सहकाऱ्यांनी पूर्ण करावीत म्हणून त्याने जमतील तेवढ्या ओळी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. शेवटच्या गाण्याचे अखेरचे कडवे गाण्याएवढे बळ उरले नाही, ते ब्रायन मे याने गायले. १९९५ च्या ‘मेड इन हेवन’मध्ये ही गाणी आली.

या काळात लंडनची सनसनाटी पत्रे त्याच्या घराभोवती पहारा देऊन होती. खंगलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे छापली जात होती आणि तो व त्याचे सहकारी आजाराचा इन्कार करत होते. अखेर २३ नोव्हेंबर १९९१ रोजी आपल्याला एड्स झाल्याचे निवेदन त्याने प्रसिद्ध केले. निकटवर्तीयांचे खासगीपण जपण्यासाठी ही गोष्ट गुप्त ठेवली, असे त्याचे म्हणणे होते. दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला, त्याचे निधन झाले. दोनच आठवड्यांपूर्वी अमेरिकी बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन याने एचआयव्हीची लागण भर पत्रकार परिषदेत जाहीर केली होती. फ्रेडीने तसे धैर्य चार वर्षे आधी दाखवले असते तर असंख्य रुग्णांना आधार मिळाला असता, ही टीका तेव्हाही झाली आणि ती निराधार नाही. पण १९८८ मध्ये ज्या देशाने समलैंगिकतेचा ‘प्रसार’ रोखण्याचा कायदा केला, तेथील वातावरण आणि फेल्टमच्या घरातील दोन वृद्ध श्रद्धाळू माणसे या दोहोंचा विचार त्याने केला असणार. टीकाकारांना या दुसऱ्या गोष्टीचे वजन उमगले असेलच असे नाही. कोणत्याही पारशी, गुजराती किंवा मराठी घरात ते चटकन उमगेल.

अंत्यसंस्कार झरथुष्ट्री पुरोहितांनी अवेस्तातील प्रार्थना म्हणून केले. जगाला ज्याचा धर्म ठाऊक नव्हता, त्याला त्याच्या आईवडिलांच्या धर्माने निरोप दिला. दहन पश्चिम लंडनमध्ये झाले. डिसेंबरमध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा प्रकाशित होऊन पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेस मिळाले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीवर झालेल्या स्मृती कार्यक्रमातून एड्सविरोधी कामासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. त्याच वर्षी बार्सिलोनातील ऑलिम्पिकमध्ये त्याचा आवाज ऐकू आला, गायक मात्र नव्हता.

झांझिबारने त्याला स्वीकारण्यास वेळ घेतला. २००६ मध्ये तेथे त्याच्या साठाव्या जन्मदिनाचा समारंभ धार्मिक गटाच्या विरोधामुळे होऊ शकला नाही. २०१९ मध्ये मात्र स्टोन टाऊनमध्ये त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. गार्डन लॉजमधील वस्तू मेरी ऑस्टिनने २०२३ मध्ये लंडनला लिलावात काढल्या, तेव्हा त्यांना सुमारे चार कोटी पौंड मिळाले. ज्या पियानोवर त्याने आपली गाणी रचली, तो सतरा लाख पौंडांवर गेला. फेल्टमच्या जुन्या घरावर १ सप्टेंबर २०१६ रोजी निळी स्मृतिपट्टिका लागली. तिच्यावर फ्रेडी मर्क्युरी या नावाखाली कंसात बलसारा हे आडनावही आहे. जेरबाई त्यानंतर अडीच महिन्यांनी वारल्या.